उलट्या गाठीचं गाठोडं

गौराआक्काला डोंगराचं वेड लागलंय, असं अख्खा लोहारा म्हणायचा. सगळ्यांत मोठ्यानं मी म्हणायचे, कारण एका चुलीपुढं बसून ते वेड रोज ऐकून घ्यायची पाळी माझ्यावर होती. ती माझी थोरली जाऊ. तिचे यजमान शांतलिंगआप्पा, आणि धाकटे रेवणसिद्ध ते माझे. लोहाऱ्याच्या पेठेत आमचं किराण्याचं आणि काष्ठौषधांचं दुकान होतं. निजामाचं राज्य, त्यामुळं दुकानाच्या पाटीवर उर्दू अक्षरं, आणि आत हिंग, हळद, शिकेकाई, हिरडा, बेहडा असा वासाचा माल. आप्पा दिवसभर पुड्या बांधायचे. कागदाची घडी, दोऱ्याचे दोन वेढे, गाठ. डोळे झाकून बांधायचे आणि गाठ कधी सुटायची नाही. त्या गाठीचा त्यांना फार अभिमान, आणि तोच पुढं आमच्या अंगाशी आला, म्हणून आधीच सांगून ठेवते.

मी उमरग्याकडची. निम्मं कानडी बोलणाऱ्या घरातली, सपाट रानात वाढलेली. काळी जमीन, ज्वारी, बांधावर बाभळ, लांब कुठंतरी एखादा लिंब. माझं जग एवढंच, आणि त्यात काही कमी आहे असं मला कधी वाटलं नाही. आक्का पार दुसऱ्या मुलखातली. कराडच्या पुढं पाटण, पाटणच्या वर घाटमाथा, आणि घाटमाथ्याच्या अगदी कडेला आंबेघोळ नावाचं बारकं गाव. तिचा बाप तिथला लिंगायत वाणी. जंगलातली माणसं त्याच्याकडं हिरडा, शिकेकाई, मध घेऊन यायची आणि मीठ, गूळ, कापड घेऊन जायची. सोलापूरच्या आडतीत त्याची नि माझ्या सासऱ्यांची ओळख झाली. दोघांच्या गळ्यात लिंग, दोघांचा धंदा एक, झालं सोयरपण. एवढ्या लांब, निजामाच्या मोगलाईत लेक देतोस का, म्हणून गावानं त्याला बोल लावला म्हणे. १९२८ साली आक्का लोहाऱ्यात आली तेव्हा पंधरा वर्षांची होती. तिच्यामागून नऊ वर्षांनी मी आले.

आले त्याच आठवड्यात भाकरी थापता थापता तिनं मला विचारलं, "नीले, तू ढगात हात घातलायस का गं कधी?"

मी म्हणाले, "आमच्याकडं ढग वरच असतेत, आक्का."

त्यावर ती जी सुरू झाली ती पुढं अकरा वर्षं. तिकडं चार महिने ऊन पडत नाही. ढग दारातून सरळ आत येतात, चुलीपर्यंत येतात. मिठाचं पाणी होतं म्हणून मडकं चुलीवर टांगून ठेवावं लागतं. डोंगर कोकणच्या अंगाला एकदम तुटलेला. कड्यावर उभं राहिलं की पायाखाली कोकण, आणि खालून वर येणारा वारा असा की टाकलेलं पान खाली न जाता डोक्यावरून मागं उडून येतं. झाडं इतकी दाट, की शेकरू जमिनीला पाय न लावता या डोंगरावरून त्या डोंगरावर जातं. अंजनीला फुलं फांदीला येत नाहीत, खोडालाच चिकटून येतात, निळी निळी. गवे पाणवठ्यावर येतात तेव्हा आधी वास येतो आणि मग गवे दिसतात. देवराईत मात्र वाळकं पानसुद्धा उचलायचं नाही. आणि जळवा तर विचारूच नका, गवताच्या प्रत्येक पात्यावर एक उभी. जळवांच्या मुलखाचं एवढं कौतुक कशाला, असं मी म्हटलं की ती हसायची आणि पुढचं सांगायला लागायची.

आईचं नाव निघालं की मात्र तिचा आवाज बदलायचा. आई डावरी होती. विळा डाव्या हातात, सुई डाव्या हातात, ओटी भरतानासुद्धा आधी डावाच हात पुढं जायचा आणि म्हाताऱ्या बायका चिडायच्या. आक्काला ते सांगताना फार मजा वाटायची. ती डाव्या हातानं पीठ चाळायची नक्कल करून दाखवायची आणि मग पुन्हा उजव्या हातानं चाळायला लागायची.

आणि कारवी. कारवीबद्दल न सांगता गेलेला तिचा एक दिवस मला आठवत नाही. उतारावर माणसाच्या उंचीची दाट झुडपं असतात, त्यांच्या काड्यांनी घराच्या कुडाच्या भिंती घालतात. सहा वर्षं नुसती पानं. सातव्या वर्षी श्रावण सरता सरता अख्खा डोंगर जांभळा होतो, मधमाश्यांचा आवाज गावात ऐकू येतो, आणि एकदा फुलून झालं की ती सगळी कारवी वाळून मरते. आंबेघोळात वयसुद्धा कारवीवर मोजतात. "म्या दोन फुलोऱ्यांची हुते, लगीन झालं तवा," ती सांगायची. निघताना आई म्हणाली होती, फुडच्या फुलोऱ्याला तुला आणीन. पुढचा फुलोरा १९३४ साली झाला. त्याच्या पुढचा १९४१ साली. आक्का लोहाऱ्यातच होती.

कारण एकच. मुराळी आला नाही. लेकीनं माहेरी जायचं ते माहेरून कोणी न्यायला आलं तर. आपल्या पायानं जाणं म्हणजे सासरी काहीतरी बिनसलं असं गाव समजणार, आणि मला न्यायला या असं लेकीनं सांगणं म्हणजे भीक मागणं. लग्नानंतर वर्षाच्या आत तिचा बाप वारला. भाऊ बंडप्पा तेव्हा दहा वर्षांचा. बाप गेल्याचं कार्ड आलं तेवढंच, पुढं काही नाही. दरसाल उन्हाळा लागला की ती माझ्याजवळ पुटपुटायची, "औंदाबी आवातणं न्हाय आलं." मला वाटायचं निरोपाबद्दल बोलते. मी म्हणायचे, विसरली असतील माणसं, तुम्हीही विसरा. माझ्या जिभेला हाड नाही हे मला तेव्हाही माहीत होतं.

आप्पा वाईट नव्हते. तिची थट्टा करायचे, पण ती नवराबायकोतली. पाऊस लांबला की जेवताना म्हणायचे, "तुमच्या बापाच्या डोंगरानं आमचा पाऊस अडवून धरलाय. तिकडं कुजाय लागलंय नि हितं बियाणं उगवंना." शाळेतल्या मास्तरांनी त्यांना नकाशावर दाखवलं होतं की समुद्रावरून आलेला पाऊस त्या डोंगरावरच रिकामा होतो आणि आपल्याकडं नुसते ढग येतात. त्याच मास्तरांनी आणखी एक सांगितलं. तुळजापूरला जाताना आपण जो बालाघाट चढतो, तो त्या सह्याद्रीचीच एक लांबलेली फांदी आहे. ते ऐकल्यावर आक्का तुळजापूरच्या घाटात गाडी थांबवायला लावायची. उतरून कडेच्या दगडावर हात ठेवायची. आधी ती त्या घाटाला हसली होती, एवढ्याला घाट म्हणता का म्हणून. पण फांदी आहे हे कळल्यापासून हात ठेवल्याशिवाय पुढं जायची नाही.

माहेरचं एकच काय ते घरात यायचं, शिकेकाईचं पोतं. बंडप्पा मोठा झाला आणि बापाचा धंदा करायला लागला. त्याचा माल सोलापूरच्या आडतीत यायचा. त्यातलं गेरूचा ठिपका असलेलं एक पोतं दरसाल आमच्या दुकानाला. बाप होता तेव्हापासूनची ती रीत होती, आणि मधली काही वर्षं तिच्या आईनं माणसांकरवी ती चालू ठेवली होती. सरहद्दीवरच्या करोडगिरी नाक्यावर जकातीसाठी पोतं उघडून बघायचे, मग ते आमच्याकडं यायचं. बायकांनी दुकानात यायचं नाही, म्हणून आक्का मधल्या दाराशी उभी राहून नुसता वास घ्यायची. पोतं रिकामं झालं की ते मागून घ्यायची आणि त्यावर बसून भाजी निवडायची. वास वर्षभर काही टिकत नाही, पण मला अजून येतो म्हणायची.

आता मी माझं सांगते. १९४३ साल असेल. आप्पांनी मला हळूच मधल्या दाराशी बोलावलं. त्यांच्या पुढ्यात शिकेकाईचा ढीग, आणि ढिगाच्या बाजूला हळदीनं पिवळी झालेली एक चिंधी, गाठ मारलेली. आत पाच हिरडे, एक हळकुंड आणि कसली तरी वाळकी काडी. आप्पांचा चेहरा उतरला होता.

"दरसाल येतंय हे," ते म्हणाले. "नाक्यावर कोण घालतंय, का आडतीतला हमाल, का आपला कोण वैरी, कळंना. गाठ बघ. उलटी हाय. सरळ माणूस अशी गाठ मारतच न्हाय."

मला गाठीतलं काही कळत नव्हतं. पण जन्मभर पुड्या बांधणारा माणूस सांगतोय म्हटल्यावर खरंच असणार. करणी. आमच्या भागात हळदीची चिंधी आणि उलटी गाठ म्हटलं की दुसरं कोणाच्या मनातच येत नाही. कपाळाला भस्म लावून फिरणारे आम्ही, पण भ्यायचं ते भ्यायचोच. आक्काची कूस उजवली नव्हती. लग्नाला पंधरा वर्षं झाली होती. आप्पांनी मनातल्या मनात त्या चिंधीशी त्याची सांगड घातली होती.

"तिला सांगू नको," ते म्हणाले. "आधीच ती खंतावल्याली असती. भिईल."

आप्पांना दुकान सोडून जाता येईना, म्हणून त्या साली मी ते गाठोडं चिमट्यात धरून ओढ्यात टाकलं. पुढच्या सालीही मीच टाकलं. बाकीच्या वर्षी आप्पांनी. घरी येऊन मी हातपाय धुतले आणि आक्काच्या शेजारी बसून भाकऱ्या केल्या. ती त्या दिवशी मला सांगत होती की एकदा धुक्यात तिला आईचा नुसता आवाज ऐकू येत होता आणि आई दिसत नव्हती.

१९४८ साल उजाडलं ते धास्तीतच. रझाकारांच्या गोष्टी रोज कानावर यायच्या. या गावात गोळीबार, त्या गावात जाळपोळ. सास्तूरकडची ओळखीची घरं एकामागून एक रिकामी होत गेली. चैत्रात आम्हीही निघालो. दुकानाला कुलूप लावलं, दोन गाड्यांत मावेल तेवढं घेतलं आणि सरहद्द ओलांडून सोलापूर गाठलं. मी रडत होते, आप्पा वळून वळून मागं बघत होते. आक्काच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. गाडीत माझ्या कानाशी लागून म्हणाली, "नीले, औंदा फुलोऱ्याचं साल हाय. आन् आपण तिकडंच चाललोय की गं, मावळतीला." सगळं घर उठलेलं असताना ही बाई फुलांचं बोलते, याचा मला इतका संताप आला की दोन दिवस मी तिच्याशी बोलले नाही.

सोलापुरात आडतदार महांतप्पांनी गोदामाच्या मागच्या दोन खोल्या आम्हाला दिल्या. बसून खायचं नको म्हणून आम्ही दोघी जावा गोदामात शिकेकाई निवडायला लागलो. तिथून कराडला आगगाडी जाते हे आक्कानं पहिल्याच दिवशी विचारून घेतलं. कुर्डुवाडीला बदलायची, मिरजेला बदलायची, की कराड. एका दिवसाचा प्रवास. मी म्हणाले, "मंग जावा की. आता कोण गाव बघाय बसलंय?" ती म्हणाली, "मुराळ्याबिगर? आय काय म्हनंल?" एवढी ओढ, आणि पाऊल काही उचलायचं नाही. मला त्या वेळी तिची कीव येण्याऐवजी चीडच आली.

श्रावणातली गोष्ट. कोपऱ्यात एक ठिपक्याचं पोतं होतं. आमचंच पोतं ते. मोगलाईची वाट बंद म्हणून लोहाऱ्याला न जाता इथंच पडून राहिलेलं. मी त्याची शिवण उसवली, मूठ घातली, आणि हाताला चिंधी लागली. मी ओरडले नाही, पण हात असा मागं घेतला की शिकेकाई सांडली. जवळ काडी होती, तिनं मी ते गाठोडं दाराकडं, गटाराकडं ढकलायला लागले.

"थांब," आक्का म्हणाली.

तिनं ते सरळ हातात घेतलं. मी म्हणाले, नका, आक्का, टाका ते. तिनं ऐकलंच नाही. ते नाकाशी धरलं, आणि मग हसायला लागली. हसता हसता रडायला लागली. "नीले, अगं हे आवातणं हाय. माझं आवातणं आलं." आणि मग तिनं भराभर सांगितलं ते असं. त्यांच्याकडं मुराळी एकदम दारात येत नाही. आधी आई आपल्या लुगड्याची चिंधी फाडते, हळदीत बुडवते, त्यात पाच हिरडे, हळकुंड आणि कारवीची काडी बांधते आणि लेकीच्या सासरी पाठवते. सासरच्यांनी त्याच चिंधीत सुपारी बांधून ती परत धाडली की मुराळी निघतो. चिंधी परत आली नाही तर सासरी सवड नाही असं समजून गप्प बसायचं. कोणी माणूस हातात आणून देईल म्हणून ती वीस वर्षं दाराकडं बघत होती. येणारं जाणारं कोणी नाही म्हणून आईनं पोत्यात घातलं असेल हे तिच्या मनातही आलं नव्हतं.

"हे आधी का न्हाय सांगितलं, आक्का?" मी विचारलं.

"त्यात काय सांगायचं? समद्यांतच असतंय की."

आमच्यात मुराळी शिदोरी घेऊन सरळ दारात येतो. तिला ते ठाऊक नव्हतं आणि आम्हाला हे. एका चुलीवर अकरा वर्षं जेवलो आम्ही.

ती चिंधी सोडायला लागली आणि मध्येच थांबली. बोटांनी गाठ चाचपली. एकदा, दोनदा. तिचं हसू गेलं.

"ही गाठ सुलटी हाय," ती म्हणाली.

"मंग बरं की."

"माझी आय डावरी, नीले. तिची गाठ अशी पडत न्हाय. हे वैनीनं बांधलंय, बंडप्पाच्या बायकोनं." आणि चिंधी मुठीत धरून, "आय असताना वैनी कशाला बांधंल?"

मी आप्पांना बोलावून आणलं. ते आत आले, चिंधी बघितली आणि जागीच थबकले. "हितंबी आलं का ते," एवढंच बोलले. मग सगळं बाहेर आलं. मी सांगितलं, त्यांनी सांगितलं, एकमेकांचं बोलणं तोडत सांगितलं. दरसाल यायचं. दरसाल टाकायचो. करणी वाटली. तुला भ्या वाटंल म्हणून बोललो नाही. आक्का आमच्याकडं बघत उभी होती. सगळं ऐकून झाल्यावर तिनं आप्पांना एकच विचारलं.

"गेल्या साली गाठ कशी हुती?"

आप्पा खाली बघत म्हणाले, "उलटीच हुती."

म्हणजे गेल्या सालापर्यंत आई होती. म्हातारी दरसाल डाव्या हातानं गाठ मारत होती, आणि आम्ही त्याच गाठीला भिऊन ती ओढ्यात सोडत होतो.

आक्का त्या पोत्यावरच बसली. मी तिच्या पायाशी बसले आणि म्हणाले, "त्यातली दोन म्या टाकलीत, आक्का. चिमट्यात धरून."

"चिमट्यात?" ती म्हणाली. तिला बाकी कशापेक्षा तेच लागलं असावं. ती ओरडली असती, मला दोन थोबाडीत दिल्या असत्या तर मी सुटले असते. संध्याकाळी तिनं उठून चूल पेटवली.

तिसऱ्या दिवशी आप्पांनी स्वतः सुपारी आणली. चिंधी मांडीवर घेतली, सुपारी मधोमध ठेवली आणि बांधायला लागले. त्यांना ती गाठ येईना. डोळे झाकून पुड्या बांधणारा माणूस, पण चिंधीची टोकं हातातून निसटत होती. आक्कानं ती त्यांच्याकडून घेतली आणि मुद्दाम डाव्या हातानं गाठ मारली. ठिपका काढलेल्या छोट्या पिशवीत घालून महांतप्पांच्या माणसाबरोबर ती कराडला गेली. वरच्या वाटा पावसानं बंद होत्या. उत्तर यायला भाद्रपद उजाडला.

त्याच दिवसांत निजामानं शरणागती दिली. सोलापुरात पेढे वाटले, झेंडे लागले, आणि आमच्याकडची माणसं गाड्या जुंपून घराकडं निघायला लागली. आम्हीही बांधाबांध करत होतो. तेव्हा गोदामाच्या दारात घोंगडी पांघरलेला, भरघोस मिशांचा एक गडी येऊन उभा राहिला. आक्का त्याच्याकडं बघत राहिली. तिच्या डोळ्यापुढचा भाऊ दहा वर्षांचा होता. त्यानं घोंगडी खांद्यावरून काढली, तिला धुराचा आणि ओल्या पानांचा वास होता, आणि आक्का पुढं होऊन त्याच्या गळ्यात पडली.

बंडप्पा कमी बोलणारा. आई माघात गेली, मोगलाईत धाडलेलं कार्ड पोचलं नसंल, एवढंच तो म्हणाला. मग म्हणाला, "तुझी चिंधी आली, गाठ बघितली, आन् म्या उंबऱ्यावरच बसलो. वाटलं आयनंच बांधलीया." आप्पा त्याच्या पाया पडायला वाकले. वयानं ते कितीतरी मोठे. त्यानं त्यांना वरच्या वर धरलं.

स्टेशनवर आप्पांना तो म्हणाला, तुम्हीबी चला. आप्पा म्हणाले, "म्या कंच्या तोंडानं येऊ?" त्यांनी वैनीसाठी हिंगाच्या, जिऱ्याच्या पुड्या बांधून आणल्या होत्या, त्या खिडकीतून आत दिल्या. गाडी मावळतीकडं सुटली. आम्ही दुसऱ्या दिवशी गाड्या जुंपून उगवतीकडं निघालो. रस्ताभर शेकडो गाड्या घराकडं चालल्या होत्या, माणसं गाणी म्हणत होती. माझ्या शेजारची जागा रिकामी होती, आणि तिची कटकट नाही म्हणून मला बरं वाटायला हवं होतं. मला एकदम एकटं वाटलं. त्या दिवशी मला पहिल्यांदा कळलं की तिला लोहाऱ्यात वीस वर्षं कसं वाटलं असेल.

दिवाळी झाली आणि आक्का परत आली. बंडप्पा पोचवून गेला. पायाला जळवांच्या चाव्यांचे काळे डाग, चेहरा ओढलेला. मी तिला चुलीपुढं बसवलं आणि आयुष्यात पहिल्यांदा आपणहून म्हणाले, "सांगा, आक्का. डोंगराचं सांगा."

तिनं सांगितलं. फुलोरा सरला होता. उतारच्या उतार तपकिरी, वाळलेले, चालताना काड्या कडाकड मोडत होत्या. फक्त देवराईच्या खालच्या घळीत, जिथं ऊन पोचत नाही, तिथं एका पट्ट्यात फुलं राहिली होती आणि उरल्यासुरल्या सगळ्या मधमाश्या तिथंच जमल्या होत्या. त्याच वाटेवर आईची समाधी. महायुद्धाच्या दिवसांत कोळशासाठी खालचं पुष्कळ रान तोडलं, पण देवराईला कोणी हात लावला नाही. ती समाधीपाशी बसली, ढग खालून वर आले, आणि फुलं, समाधी, तिचे स्वतःचे हात, सगळं दिसेनासं झालं. "आयचा आवाज यील असं वाटलं," ती म्हणाली. "न्हाय आला."

मी विचारलं, आईनं काही बोल लावला होता का आम्हाला. वीस वर्षं उत्तर नाही, म्हणजे शिव्याच घातल्या असतील. मला त्या ऐकायच्या होत्या. आप्पाही दारात येऊन उभे होते, त्यांनाही ऐकायच्या असाव्यात.

"शिव्या कशाला?" आक्का म्हणाली. "वैनी सांगत हुती. दरसाल उत्तर आलं न्हाय की दारात बसून आय म्हनायची, लेकीच्या गावाला पाऊस लई झाला असंल. वाटा बंद असतील. उघडीप झाली की धाडतील."

आप्पा आत न येता परत फिरले आणि अंगणात जाऊन बसले. त्या सालीही लोहाऱ्यात ज्वारीपुरतासुद्धा पाऊस झाला नव्हता.